ट्रूनॅट : यंत्रात काय ठेवायचं, चिपमध्ये काय

१ मे २०२० रोजी गोवा हरित विभागात होता. मार्च-एप्रिलमध्ये सापडलेले कोविडचे सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले होते. मात्र पंधरवडा उलटतो न उलटतो तोच चित्र पालटलं. टाळेबंदीत राज्याबाहेर अडकून पडलेले लोक रस्त्याने परतू लागले, दिल्लीहून सुटणारी विशेष राजधानी मडगावला येऊ लागली, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायची वेळ आली. राज्याची मुख्य चाचणी बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) विषाणू प्रयोगशाळेत होत होती. तिथली मोठी आरटी-पीसीआर यंत्रं एका फेरीत पुष्कळ नमुने तपासतात, पण नमुना तिथवर पोचणं, फेरी भरणं आणि अहवाल परत येणं यात वेळ जातो. तेवढा वेळ स्थानकावर उतरलेल्या माणसाला ठेवायचं कुठे?

त्या दिवसांत गोव्यातल्या वर्तमानपत्रांत ‘ट्रूनॅट’ हा शब्द रोज दिसे. ट्रूनॅटवर कुणी बाधित दिसला की नमुना गोमेकॉत जाई आणि तिथल्या अहवालानंतर रुग्ण पक्का धरला जाई. हे यंत्र मुळात क्षयरोगासाठी घडवलेलं होतं, आणि ते विकणाऱ्या मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीचं घर वेर्णा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे मडगाव स्थानकापासून जवळच आहे. क्षयाचं यंत्र काही आठवड्यांत कोविडच्या कामाला कसं लागलं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. यंत्र, सॉफ्टवेअर आणि सेवा एकत्र विकू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीला याचं उत्तर उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. गोव्यातल्या तरुणांनी तर ते पाठच करावं, कारण आपल्याकडे अशा उत्पादनांची चर्चा निघाली की उदाहरणं कॅलिफोर्नियाची किंवा शेन्झेनची दिली जातात.

दोन शहरांतलं एक उत्पादन

ट्रूनॅटची मुळं बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये आहेत. चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच ध्यास घेतला होता की पीसीआरसारखी, तोवर फक्त मोठ्या प्रयोगशाळेत होणारी तपासणी हातात मावेल अशा यंत्रावर आणायची. पीसीआरमध्ये नमुन्यातला जनुकीय तुकडा गरम-थंड करण्याच्या आवर्तनांतून दुप्पट-दुप्पट वाढवत नेतात. द्रवाचा थेंब जितका लहान, तितका तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. त्यामुळे चिमुकल्या चिपवरची पीसीआर ही कल्पना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सरळ होती. तिचं यंत्र व्हायला मात्र दशकाहून अधिक काळ लागला.

दुसरा धागा गोव्यातला. ट्युलिप समूह इथे १९८८ पासून निदानाचे किट आणि रिएजंट (तपासणीची रसायनं) बनवत होता. देशभरातल्या लहान-मोठ्या लॅबमध्ये माल कसा पोचवायचा, उन्हात आणि दमट हवेत तो कसा टिकवायचा, हे त्यांच्या माणसांच्या हातात बसलेलं होतं. बिगटेक आणि ट्युलिप यांच्या भागीदारीतून मोलबायो उभी राहिली. ट्युलिपमधून आलेल्या श्रीराम नटराजन यांनी तिचं नेतृत्व केलं.

या जोडणीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. बेंगळुरूकडे यंत्र आणि चिप यांचं ज्ञान होतं. रसायनं वाळवून, पाकिटबंद करून, हजारोंच्या संख्येने एकसारखी बनवण्याची सवय गोव्याकडे होती. हार्डवेअर स्टार्टअप बहुधा दुसऱ्या कामाला कमी लेखतात. नमुना यंत्र बनलं की निम्मं काम झालं असं त्यांना वाटतं. खरं तर एका यंत्रावर पुढली काही वर्षं हजारो चिप वापरल्या जाणार असतात, आणि त्यातली प्रत्येक चिप पहिलीसारखीच वागली पाहिजे.

आधी कोणती अडचण सोडवायची होती

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं खेड्यापाड्यांत निदानाची मुख्य रीत तीच राहिली : थुंकीचा लेप काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. ही रीत स्वस्त आहे, पण जंतू थोडे असले तर निसटतात, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही हे त्यातून कळतच नाही.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकेतल्या सेफीड कंपनीच्या जीनएक्स्पर्टला मान्यता दिली. आपल्याकडे सरकारी कागदांत त्याला सीबीनॅट म्हणतात. फार चांगलं यंत्र. नमुना कार्ट्रिजमध्ये ओतला की पुढलं सगळं आतल्या आत होतं. पण त्याला स्थिर वीज लागते आणि वातानुकूलित खोली लागते. शिवाय विकसनशील देशांसाठी सवलतीची म्हणून ठरलेली कार्ट्रिजची किंमत २०१२ पासून कितीतरी वर्षं ९.९८ डॉलरवरच थांबली होती. त्यामुळे ते प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणी बसलं. सूक्ष्मदर्शक होता त्या लहान आरोग्य केंद्रापर्यंत ते क्वचितच उतरलं.

ट्रूनॅट बनवणाऱ्यांनी नेमकी ती जागा डोळ्यांपुढे ठेवली : एक टेबल, एक टेक्निशियन, मधूनमधून जाणारी वीज, एसी नाही. जे काही करायचं ते या खोलीत चाललं पाहिजे, हे आधी ठरलं आणि बाकीचं त्यातून निघालं.

चार जागा

आता या प्रकरणाचा गाभा. ट्रूनॅटकडे नीट पाहिलं तर उत्पादन चार ठिकाणी वाटलेलं दिसतं.

पहिलं ट्रूप्रेप. हे नमुन्यातून जनुकीय द्रव्य वेगळं काढणारं यंत्र. थुंकी हा चिकट, अवघड पदार्थ आहे. तो आधी लायसिस बफरमध्ये, म्हणजे जंतू फोडणाऱ्या द्रावणात, पातळ होतो, जंतू फुटतात आणि मग कार्ट्रिजमधून शुद्ध द्रव्य बाहेर येतं. याला साधारण वीस मिनिटं लागतात.

दुसरं ट्रूलॅब, म्हणजे चिप वाचणारं यंत्र. ते बॅटरीवर चालतं, वर स्पर्शपडदा असतो आणि आत अँड्रॉइडवर चालणारं सॉफ्टवेअर. एकेक नमुना घेणारं युनो, दोन घेणारं ड्युओ आणि चार घेणारं क्वाट्रो असे त्याचे प्रकार आहेत. चिपवर फक्त सहा मायक्रोलिटर द्रव टाकायचा. तासाभराच्या आत-बाहेर क्षय आहे की नाही हे पडद्यावर येतं. असला तर तेच द्रव्य दुसऱ्या चिपवर टाकून रिफॅम्पिसिनची तपासणी करता येते. तिला आणखी सुमारे तास लागतो.

तिसरी ही चिप, आणि मला विचाराल तर सगळी कारागिरी इथे आहे. तिच्यासोबतच्या बारीक नळीत वाळवलेले रिएजंट असतात. त्यामुळे बर्फाची पेटी लागत नाही. २ ते ३० अंशांत ती दोन वर्षं टिकते आणि महिनाभर तर ४५ अंशांपर्यंतही सोसते. पाकिटात ओलावा शोषणारी पुडी असते. तिचा नारिंगी रंग जाऊन ती पांढरी पडली असेल तर चिप वापरायची नाही. गोव्याच्या पावसाळ्यात, जिथे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा दमट राहतात, तिथे टेक्निशियनला ही खूण कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त कामाची. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ही चिप स्वतःची माहिती स्वतःजवळ बाळगते : चाचणी कोणती, तुकडी कोणती, जंतूंचं प्रमाण मोजायला कोणती मानकं धरायची. एकदा वापरली गेली की तीही नोंद तिच्यावर राहते आणि यंत्र तीच चिप पुन्हा घेत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग वापरून फेकायच्या वस्तूवर ठेवलेला आहे. तुकडीगणिक बदलणारी माहिती यंत्रात भरायचं काम टेक्निशियनच्या डोक्यावर टाकलेलं नाही.

चौथा भाग डिजिटल. निकाल यंत्रात साठतो, ब्लूटूथच्या लहान प्रिंटरवर छापता येतो आणि वाय-फाय किंवा मोबाइल जाळ्यावरून पुढे पाठवता येतो. क्षयाच्या बाबतीत ‘पुढे’ म्हणजे केंद्र सरकारची नि-क्षय प्रणाली. ती २०१२ पासून चालू आहे. रुग्णाची नोंद तिथे झाली की उपचारांचा पाठपुरावा होतो. २०१८ च्या एप्रिलपासून पोषणासाठीची महिन्याची ५०० रुपयांची मदतही त्या नोंदीवरूनच बँक खात्यात जाऊ लागली, आणि पुढे ती १००० झाली. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर पडद्यावरचा निकाल ही मधली पायरी आहे. नोंद झाली नाही तर औषधाचा पाठपुरावा सुटतो, पैसेही येत नाहीत.

या वाटणीचा फायदा कोविडच्या आधीच दिसला होता. २०१३ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अभ्यासकांनी ट्रूनॅटचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. पुढे भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, साध्या सूक्ष्मदर्शक केंद्रांतच यंत्र बसवून मोठी चाचणी झाली. तिच्यात मूळ क्षय-चिपची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती जण चाचणीत सापडतात ते प्रमाण) सुमारे ७३ टक्के भरली आणि ‘प्लस’ या सुधारित चिपची सुमारे ८०. प्लस चिप जंतूच्या जनुकसंचात अनेकदा येणारा एक तुकडाही शोधते, म्हणून थोडे जंतू असले तरी तिला ते सापडण्याची शक्यता वाढते. हा सुधार झाला तेव्हा आरोग्य केंद्रातलं यंत्र बदलावं लागलं नाही. नवी चिप पाठवली, यंत्रात तिचा प्रोफाइल, म्हणजे ती चाचणी कशी चालवायची याच्या सूचना, घातला, काम झालं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटला मान्यता दिली, त्यामागे हाच पुरावा होता.

मार्च ते मे २०२०

कोविड आला तेव्हा ट्रूनॅटची यंत्रं देशभरच्या क्षय केंद्रांत बसलेली होती. ती चालवणारी माणसं शिकलेली होती. कमी होती ती फक्त नव्या विषाणूची चिप.

‘फक्त’ म्हटलं तरी काम सोपं नव्हतं. क्षयाच्या जंतूत डीएनए असतो, करोना विषाणूत आरएनए. पीसीआरआधी आरएनएची डीएनए प्रत काढावी लागते, म्हणून वाळवलेल्या मिश्रणात आणखी एक विकर (एन्झाइम) आणि तापमानाच्या आवर्तनांआधी आणखी एक टप्पा लागतो. विकर गेलं चिपच्या नळीत, टप्पा गेला सॉफ्टवेअरमधल्या चाचणीच्या प्रोफाइलमध्ये. टेबलावरचं यंत्र तेच राहिलं. नमुना घ्यायची रीतही बदलावी लागली. थुंकीच्या जागी घसा-नाकातला स्वॅब आला, आणि तो ज्या द्रवात बुडवायचा त्यात लायसिस बफर घातलेला होता. विषाणू तिथेच निष्क्रिय झाल्यामुळे चाचणीसाठी मोठी जैवसुरक्षा प्रयोगशाळा लागली नाही. आरोग्य केंद्राच्या साध्या खोलीत, आवश्यक काळजी घेऊन, ती करता आली. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. यंत्र कितीही लहान असलं तरी त्याच्या आधीची पायरी धोकादायक असती, तर ते मडगावपर्यंत पोचलंच नसतं.

एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ट्रूनॅटला कोविडच्या प्राथमिक तपासणीसाठी मान्यता दिली. ही चिप विषाणूचं ई-जनुक शोधायची. हे जनुक त्याच कुळातल्या इतर विषाणूंशी जुळणारं असल्यामुळे नकारात्मक निकाल अंतिम धरायचा आणि सकारात्मक आला तर आरटी-पीसीआरने पक्का करायचा, असा नियम होता. गोव्यात ट्रूनॅटनंतर नमुना बांबोळीला जायचा तो यामुळे. पुढे आरडीआरपी हे जनुक शोधणारी दुसरी चिप आली. १९ मे रोजी परिषदेने सुधारित सूचना काढल्या : पहिली चिप सकारात्मक आली तर दुसरी लावा, दोन्ही सकारात्मक आल्या तर निदान त्याच टेबलावर पक्कं. महिन्याभरात प्राथमिक तपासणीचं साधन निदानाचं साधन झालं, तेही आधीपासून बसलेल्या यंत्रांवरच.

यात नियामकाचा वाटा मी मोठा मानतो. परिषदेने चाचणीला आहे तसा होकार दिला नाही. आधी मर्यादित उपयोग ठरवून दिला, मग पुरावा आल्यावर तो वाढवला. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आपल्याकडे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि निदानाची साधनंही जोखमीनुसार वर्गवारी करून त्यांखाली येतात. तरुण संस्थापकांना हा सगळा अडथळा वाटतो. पण ज्या उत्पादनात चिप आणि सॉफ्टवेअर वेगवेगळे बदलता येतात, त्यात काय बदललं आणि त्याचा पुरावा कुठे आहे, ही शिस्त कंपनीने स्वतःहून पाळली नाही तर एक दिवस चुकीचा निकाल खऱ्या माणसाच्या हातात पडतो.

जे यंत्राला जमलं नाही

एका वेळी चार नमुने ही क्वाट्रोची हद्द. मेमध्ये रेल्वेने येणारे प्रवासी तपासायला ती पुरली. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलला प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालं आणि वस्तीच्या वस्ती तपासायची वेळ आली, तेव्हा भार मोठ्या आरटी-पीसीआर यंत्रांनाच पेलावा लागला. हा ट्रूनॅटचा दोष मानणं बरोबर नाही. ते दिवसाला थोडे नमुने येणाऱ्या खोलीसाठी घडवलं होतं, आणि आकार, बॅटरी, वेग यांसाठी संख्येवर पाणी सोडावं लागलं होतं. मात्र हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. साथीत यंत्र विकत घेणाऱ्या प्रशासनाला तासात निकाल एवढंच ऐकू येतं. तासात किती निकाल, हा प्रश्न विक्रेत्याने स्वतः काढून त्याचं उत्तर द्यावं.

दुसरी मर्यादा हाताची. जीनएक्स्पर्टमध्ये नमुना ओतला की मधे हात लावावा लागत नाही. ट्रूनॅटमध्ये ट्रूप्रेपमधून निघालेलं द्रव्य टेक्निशियनने पिपेटने उचलून चिपवर टाकायचं असतं. सहा मायक्रोलिटर म्हणजे अगदी चिमुकला थेंब. त्यात बुडबुडा आला, थेंब कडेला सांडला, तर चाचणी बाद. सगळं एका कार्ट्रिजमध्ये कोंबलं असतं तर ही पायरी वाचली असती, पण कार्ट्रिज गुंतागुंतीचं आणि महाग झालं असतं, आणि रोग बदलला की पूर्ण कार्ट्रिज नव्याने घडवावं लागलं असतं. इथे कंपनीने माणसाच्या हातावर विश्वास टाकला. मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण एका अटीवर : त्या हाताला शिकवण्याचा, बदली झाल्यावर नव्या माणसाला पुन्हा शिकवण्याचा खर्च उत्पादनाच्या किमतीतच धरला पाहिजे.

म्हणून अशा कंपनीत ‘सेवा’ हा शब्द ॲपपुरता ठेवून चालत नाही. यंत्र बंद पडलं तर दक्षिणेत काणकोणपर्यंत किंवा उत्तरेत पेडण्यापर्यंत कोण जाणार, बदली यंत्र किती दिवसांत मिळणार, चिपचा साठा संपत आल्याचं कुणाला आधी कळणार, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नेटवर्क नसलेल्या केंद्रात कशी पोचणार, हे सगळं त्यात येतं. सरकारी निविदेत यंत्राच्या किमतीवर चर्चा होते. रोजचं काम चिपच्या पुरवठ्यावर आणि देखभालीच्या करारावर चालतं, आणि कंपनीची खरी मिळकतही तिथूनच होते. त्यामुळे यंत्र चालू राहण्यात रुग्णाचं आणि विक्रेत्याचं हित एकाच बाजूला येतं. ही रचना जपण्यासारखी आहे.

पैशाबद्दल थोडंच. २०२२ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने मोलबायोत गुंतवणूक केली आणि कंपनीचं मूल्यांकन दीड अब्ज डॉलरच्या घरात गेलं. बातम्या त्याच्याच झाल्या. कोविडआधीच्या दीड-दोन दशकांत, गिऱ्हाईक नसताना चिप वाळवण्याचे प्रयोग चालू ठेवणारी माणसं मला त्याहून जास्त अभ्यासण्यासारखी वाटतात.

सत्तरीतला ताप

शेवटी एक छोटा विस्तार, कारण या वाटणीची किंमत गोव्याला तिथे सगळ्यात स्पष्ट कळते.

२०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. काजूच्या हंगामात बागायतीत पालापाचोळ्यात वावरणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. सुरुवातीची लक्षणं इतर तापांसारखीच असतात, विषाणू मात्र कडक जैवसुरक्षेतच हाताळावा लागतो. त्यामुळे निदान दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेवर अवलंबून राहतं, आणि तोवर सत्तरीचं मुख्य ठिकाण असलेल्या वाळपईच्या डॉक्टरला अंदाजाने वागावं लागतं.

व्यापाराच्या हिशेबाने या रोगासाठी कुणी यंत्र बनवणार नाही. पश्चिम घाटातले काही तालुके, वर्षातले काही महिने, मोजके रुग्ण. यंत्राचा विकासखर्च त्यातून कधीच निघणार नाही. तरीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मोलबायोबरोबर माकडतापासाठी ट्रूनॅट चाचणी विकसित केली. हे शक्य झालं कारण यंत्र आधीच क्षयाच्या खर्चात बसलेलं होतं, विषाणू नमुन्याच्या द्रवातच निष्क्रिय करायची रीत कोविडमध्ये रुळली होती, आणि नव्या रोगापुरती उरली होती ती एक चिप आणि एक प्रोफाइल. ज्या आरोग्य केंद्रात क्षयाची चाचणी होते, तिथल्याच टेबलावर काजूच्या बागायतीतून ताप घेऊन आलेल्या माणसाची चाचणी करता येईल, अशी सोय त्यातून तयार झाली. ती प्रत्येक हंगामात प्रत्यक्ष मिळायची असेल, तर हंगामाआधी चिप वाळपईत पोचल्या पाहिजेत, त्यांची मुदत संपत आली की बदलल्या पाहिजेत, आणि तिथल्या टेक्निशियनने ही चाचणी निदान एकदा तरी सरावाला केलेली असली पाहिजे.